मूल होण्यासाठी परदेशी निघालात? आधी परतीचा रस्ता बघा

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन आला. भडगावहून, माझ्या चुलतनणंदेची जाऊ. "वहिनी, तुम्ही बँकॉकला गेला होतात ना? किती लागतात हो?" आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीत सासूबाई असणार, हे न सांगता कळलं. असे पाच-सहा फोन येऊन गेलेत. एरंडोलहून, शिरपूरहून, एक तर थेट तळोद्याहून. सगळे पहिल्यांदा पैसेच विचारतात. मी उलटं विचारते: कागद तयार आहेत का? आणि तिकडे जे काही तयार होईल, भ्रूण म्हणा नाहीतर बाळ, ते इकडे आणता येतं का, हे कुणाला विचारलंय का? मग पलीकडून आवाजच येत नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आमचं थोडक्यात सांगते. आम्ही जळगावचे, माझं माहेर यावल तालुक्यात. माझ्या दोन्ही नळ्या बंद, जुन्या टीबीमुळे. नाशिकला दोनदा आयव्हीएफ केलं, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण तयार करून पिशवीत ठेवला, दोन्ही वेळा काही राहिलं नाही. दोन भ्रूण तेवढे तिथे गोठवून ठेवलेले. तेवढ्यात नवऱ्याची थायलंडला बदली झाली. चोनबुरीला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, तीन वर्षांच्या करारावर. तो तिकडे, मी इकडे, वय छत्तीस. म्हणून पुढचे उपचार तिकडे, बँकॉकला.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी काय चालू आहे ते तुम्ही स्वतः विचारून घ्या.

1. जायचंय कशासाठी, ते स्वतःशी खरं बोला

नाशिक, पुणे, मुंबई, सुरत इथल्या चांगल्या लॅबमध्ये जे होतं तेच बँकॉकला होतं. इथे तीनदा जमलं नाही म्हणून तिकडे जमेल, असं काही नाही. नवरा-बायकोपैकी एक जण तिकडे नोकरीला असेल तर जाण्यात अर्थ आहे. बाकी बहुतेक लोक एकतर इथला कायदा आडवा आला म्हणून जातात, नाहीतर एजंट गळ्यात पडला म्हणून.

इथला कायदा काय म्हणतो ते आधी बघा. 2021 साली संसदेने दोन कायदे केले, एक आयव्हीएफसारख्या उपचारांचा (एआरटी कायदा) आणि दुसरा सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात आपलं मूल वाढवण्याचा. जानेवारी 2022 पासून दोन्ही लागू आहेत. आयव्हीएफसाठी बाईचं वय 21 ते 50, पुरुषाचं 21 ते 55. दुसऱ्या बाईचं बीज घ्यायचं तर ते नोंदणी झालेल्या बँकेमार्फत. देणारीचं वय 23 ते 35, तिने आयुष्यात एकदाच द्यायचं आणि एका वेळी सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. बीजाची खरेदी-विक्री हा गुन्हा. सरोगसी फक्त बिनपैशाची चालते. सरोगेटचा दवाखान्याचा खर्च आणि विमा सोडून तिला काही देता येत नाही. ती लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, 25 ते 35 वयाची हवी. शिवाय जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला आणि कोर्टाचा आदेश. पैसे देऊन सरोगसी केली तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे वाचून कुणी म्हणेल, मग बाहेरच बरं. थांबा, बाहेरचं पुढे सांगते.

आणखी एक कारण लोक मोठ्याने बोलत नाहीत, पण मला फोनवर तीन जणांनी विचारलंय: "तिकडे मुलगाच ठेवता येतो ना?" नाही. थायलंडच्या कायद्यातही लिंगनिवड बंद आहे आणि आपल्याकडे तर 1994 च्या कायद्यानुसार गुन्हा. जो एजंट हे आमिष दाखवतो, तो बाकीचंही खोटंच बोलत असणार असं धरून चाला. माझ्यापुरतं सांगते, यापुढे हा प्रश्न आला की मी फोन ठेवते.

2. एका वेळी दोन देशांचे कायदे लागतात

लोक विचारतात, "तिकडे चालतं का?" हा अर्धाच प्रश्न झाला. तिकडे चालतं का, आणि तिकडून निघताना चालतं का, आणि इकडे उतरताना चालतं का, हे तिन्ही विचारायला हवं.

आमचंच बघा. मला वाटलं होतं नाशिकचे दोन भ्रूण डब्यात घालून बँकॉकला नेऊ. दोन इंजेक्शनचे कोर्स वाचतील, पैसेही वाचतील. चौकशी केली तर आपल्या एआरटी कायद्याच्या कलम 29 प्रमाणे बीज किंवा भ्रूण देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. स्वतःचेच असतील आणि स्वतःसाठीच न्यायचे असतील तर राष्ट्रीय मंडळाची परवानगी काढायची. बरं, ती काढलीही असती, पण थायलंडचा 2015 चा कायदा बीज आणि भ्रूण आत आणायलाही मनाई करतो आणि बाहेर न्यायलाही. म्हणजे एका दाराची किल्ली मिळाली तरी दुसरं दार बंदच. नाशिकचे भ्रूण नाशिकलाच राहिले. आणि बँकॉकला जे तयार होतील ते बँकॉकलाच राहणार, हे मला इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी कळलं हे नशीब. तिथल्या वेटिंग रूममध्ये एक गुजराती बाई भेटली होती. तिला हे पाच भ्रूण गोठवून झाल्यावर कळलं.

आता सरोगसीचं. नेपाळने 2015 मध्ये परदेशी लोकांसाठी दार बंद केलं. थायलंडने त्याच वर्षी. तिथे आता जोडप्यापैकी किमान एक जण थाई नागरिक हवा आणि तेही पैशाविना. मग एजंट कंबोडियात गेले. कंबोडियाने 2016 मध्ये बंद केलं. एक देश बंद झाला की यांचं दुकान शेजारच्या देशात उघडतं आणि गिऱ्हाईक मात्र अर्ध्या रस्त्यात अडकतं. इटलीने तर 2024 मध्ये असा कायदा केला की त्यांच्या नागरिकाने दुसऱ्या देशात जाऊन सरोगसी केली तरी तो गुन्हा.

अडकणं म्हणजे काय, याचं उदाहरण आपल्याच शेजारी घडलंय, फक्त उलट दिशेने. 2008 साली गुजरातेत आणंदला एका जर्मन जोडप्याची जुळी मुलं सरोगसीने जन्मली. जर्मनी सरोगसी मानत नाही म्हणून तिथला पासपोर्ट मिळेना, इथली कागदपत्रं पुरेनात. बाप दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता, शेवटी मुलांना घेऊन जाता आलं. हीच वेळ आपल्यावर दुसऱ्या देशात आली तर? तिथे ना भाषा आपली, ना वकील ओळखीचा.

बीजदात्याचे नियमही देशागणिक वेगळे. तुर्कस्तानात दुसऱ्याचं बीज चालतच नाही. स्पेनमध्ये चालतं, पण दाता कोण हे सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये एप्रिल 2005 नंतर दान केलेल्या दात्याचं नाव मुलाला अठराव्या वर्षी मागता येतं. थायलंडमध्ये उपचार फक्त कायदेशीर लग्न झालेल्या जोडप्याला. यातलं "कायदेशीर लग्न" हे दोन शब्द आम्हाला किती महागात पडले, ते खाली.

बाळंतपणही तिकडेच होणार असेल तर एक तारीख लिहून ठेवा. भारतीय आई-बापाचं मूल परदेशात जन्मलं तर तिथल्या आपल्या वकिलातीत वर्षाच्या आत जन्माची नोंद करावी लागते, तेव्हा ते भारतीय नागरिक ठरतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी मागत बसायचं.

3. कागद: सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

धुळ्याची माझी आत्या शाळेत फारशी गेली नाही, पण निघताना तिने एकच सांगितलं, "पोरी, कागद दखीसन सही कर." तिला काय माहीत, सहीपर्यंत पोचायलाच आम्हाला चार महिने लागणार होते.

क्लिनिकने पहिल्याच मेलमध्ये लग्नाचं प्रमाणपत्र मागितलं. आमच्याकडे होती लग्नपत्रिका, अल्बम आणि सीडी. लग्न 2013 चं, माहेरच्या गावात, अंगणात मांडव घालून. नोंदणी कुणी केलीच नव्हती. गावात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. अर्जावर नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतात. आमचे भटजी 2019 मध्येच वारले होते! ग्रामसेवक बिचारा भला माणूस. त्याने कुठलं प्रतिज्ञापत्र करायचं ते सांगितलं आणि पत्रिका, फोटो जोडून काम झालं. पण त्या दिवसांत गावात ग्रामसभा, मग त्याची बदली, मग सर्व्हर बंद. सहा आठवडे गेले.

मग नावांची भानगड. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं आडनाव बदलतं, मधलं नावही बदलतं आणि काही घरांत पहिलंसुद्धा. माझ्या पॅनकार्डावर मधे वडील, आधारवर मधे नवरा, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, आणि नाशिकच्या फाईलवर सासरचं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. परदेशातल्या क्लिनिकला मात्र या चार वेगळ्या बायका वाटतात. त्यातून इंग्रजी स्पेलिंग. आडनावातल्या एका अक्षरावरून आमची फाईल आठ दिवस पडून होती.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी लग्नाची नोंद. तिच्यावरून आधार आणि पॅन एकसारखे करा. मग पासपोर्ट. जळगावला पोस्ट ऑफिसातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मुंबईला धावायची गरज नाही. पोलीस पडताळणीला घरी माणूस येतो, तेव्हा घरी कुणीतरी हवं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिन्यांपेक्षा बरीच जास्त असू द्या, कारण उपचार लांबतात.

प्रमाणपत्र मिळालं की त्यावर सरकारी शिक्के. आधी राज्य सरकारकडून खरं असल्याची नोंद, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालय. देश एकमेकांचे कागद मानण्याच्या हेग करारात असेल तर अपॉस्टिलचं (कागद खरा असल्याचं) स्टिकर पुरतं, नसेल तर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. मग त्यांच्या भाषेत अधिकृत भाषांतर. आमचं थाई भाषांतर बँकॉकला करून घेतलं, तिथे हे काम रोजचंच आहे.

फाईलमध्ये एवढं ठेवा, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्कॅन:

– दोघांचे पासपोर्ट, व्हिसा, जुना पासपोर्ट असेल तर तोही
– शिक्के मारलेलं लग्नाचं प्रमाणपत्र आणि भाषांतर
– नावात फरक राहिलाच असेल तर "ही एकच व्यक्ती" असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र, इंग्रजीत
– आधीच्या सगळ्या उपचारांचा टाईप केलेला सारांश, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह
– नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीच्या तपासणीची सीडी, फोटो
– औषधांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासह
– क्लिनिकचं पत्र: कधीपासून कधीपर्यंत उपचार, अंदाजे खर्च
– राहण्याचा पत्ता, परतीचं तिकीट, रक्तगट

व्हिसाबद्दल एवढंच सांगते. पर्यटक म्हणून सहज जाता येतं म्हणून उपचारालाही तसंच जावं, असं नाही. क्लिनिकला लेखी विचारा, त्या देशाच्या वकिलातीच्या नियमांत बघा आणि विमानतळावर विचारलं तर खरं सांगा.

4. तपासण्या इथेच उरकून घ्या

त्याच तपासण्या तिकडे महाग पडू शकतात. बाईची एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी), पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची सोनोग्राफी आणि हार्मोन्स, थायरॉईड, साखर. पुरुषाची वीर्यतपासणी, आणि ती टाळू नका. आपल्याकडे बाईची पिशवी तीनदा तपासून होते तोवर पुरुषाने एकदाही डबी भरलेली नसते. दोघांचे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी) हे रिपोर्ट फार जुने चालत नाहीत, तेव्हा निघायच्या जवळपास करा.

आपल्या भागासाठी दोन तपासण्या मी आवर्जून सांगेन, परदेशातला डॉक्टर कदाचित सुचवणारही नाही. नंदुरबार, धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे, आणि काही समाजांत थॅलेसेमियाचं. दोघांची एचपीएलसी ही रक्ताची तपासणी करून घ्या. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक, आणि ते भ्रूण ठेवायच्या आधी तपासता येतं. दुसरी गोष्ट टीबीची. घरात कुणाला झाला असेल, स्वतःला झाला असेल तर सांगा. पिशवीचा टीबी खोकत नाही, ताप देत नाही, नळ्या मात्र बंद करून जातो. माझं तेच झालं.

हाताने लिहिलेले रिपोर्ट नेऊ नका. आपल्या डॉक्टरांचं अक्षर मेडिकलवाल्यालाच लागतं.

5. क्लिनिक निवडताना

आम्ही सुरुवातीला एका एजंटकडून फसलो. एका हॉटेलात "मोफत मार्गदर्शन शिबिर" होतं. चहा, सामोसे, पडद्यावर गोबरी बाळं. "सत्तर टक्के यश, नाहीतर पैसे परत." नोंदणीचे म्हणून वीस हजार भरले. मग तो माणूस आयव्हीएफवरून हळूच सरोगसीवर आला, दुसऱ्याच देशाचं नाव सांगू लागला, आणि "लग्नाचा दाखला मी मॅनेज करतो" म्हणाला. तिथून आम्ही उठलो. वीस हजार गेले ते गेलेच. पण खोट्या दाखल्यावर सही केली असती तर नवऱ्याची नोकरी गेली असती, आणि पुढचं देव जाणे.

यशाचा आकडा कुणी सांगितला की विचारा: कशाचे सत्तर टक्के? सुरू केलेल्या सगळ्या सायकलपैकी (उपचाराच्या फेऱ्यांपैकी), की भ्रूण ठेवलेल्यांपैकी? टेस्ट पॉझिटिव्ह आली त्याला यश म्हणता, की मूल घरी गेलं त्याला? कुठल्या वयाच्या बायकांचे? स्वतःच्या बीजाचे, की दुसरीच्या? एवढं विचारलं की खोटा माणूस चिडतो आणि खरा डॉक्टर कागद काढतो.

परवाना तपासा. थायलंडमध्ये सरकारी परवान्याबरोबर रॉयल थाई कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेची मान्यता लागते. भारतात राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक असतो, क्लिनिकने तो दाखवलाच पाहिजे. शक्य तर व्हिडिओ कॉलवर डॉक्टरशी बोला, मार्केटिंगच्या मुलीशी नव्हे. संमतीपत्र आठ दिवस आधी मेलवर मागवा. त्यात तीन गोष्टी शोधा: उरलेल्या भ्रूणांचं काय, साठवणीचं वार्षिक भाडं किती, आणि दोघांपैकी एक जण गेला किंवा नवरा-बायको वेगळे झाले तर निर्णय कुणाचा. तिसरा प्रश्न वाचून नवरा म्हणाला, "हे कशाला आत्ता?" मी म्हटलं, आत्ताच.

6. पैशाचं

पॅकेजच्या आकड्यात काय नाही ते विचारा. बहुधा इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं, साठवण आणि दुसऱ्यांदा भ्रूण ठेवणं हे सगळं वेगळं असतं. प्रवासी विम्यात आयव्हीएफ धरत नाहीत, आणि गरोदरपणाची गुंतागुंतही बहुतेक वेळा नाही. पॉलिसी वाचा.

इथून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन लागतं, ए-2 फॉर्म भरावा लागतो. त्यात उद्देश "वैद्यकीय उपचार" असाच लिहा. आमच्या शाखेतल्या साहेबांनी सवयीने दुसराच उद्देश टाकला होता, मी फॉर्म वाचला म्हणून दिसलं. फरक करात पडतो. एप्रिल 2025 पासून वर्षात दहा लाखांवर रक्कम गेली की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, उपचारासाठी दर कमी, इतर कारणांसाठी जास्त. दर बजेटमध्ये बदलतात, पाठवायच्या दिवशीचा विचारा. कापलेले पैसे विवरणपत्र भरताना वळते होतात, फक्त कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात (26एएस) दिसतायत का ते बघा.

एक गंमत: थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो, आपल्या सनात 543 मिळवायचे. 2024 च्या पावतीवर 2567. जळगावच्या सीएने ती पाहून विचारलं, "ताई, ही अ‍ॅडव्हान्स बुकिंगची आहे का?" पावत्या इंग्रजी तारखेसह मागून घ्या.

7. इंजेक्शनं आणि तारखा

बीजं वाढवणारी इंजेक्शनं साधारण दहा-बारा दिवस चालतात. यातली बरीच 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. आता विचार करा, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं जळगाव. इथून घेतली तर स्वस्त, डॉक्टरांनीही हो म्हटलं, म्हणून घेतली. मेडिकलवाल्याने थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पॅकमध्येच खोचून दिली. गाडीत मनमाडला मी डबा उघडून बघितला तर एका पेनात स्फटिक धरलेले. तापणार म्हणून मी घाबरत होते आणि ते गोठून बसलं होतं. गोठलेलं औषध वापरता येत नाही, ते टाकावंच लागलं. तेव्हा पॅक आणि औषध यांच्या मध्ये कापड किंवा पुठ्ठा हवाच. छोटा थर्मामीटर ठेवा, शंभर-दोनशेला मिळतो. विमानात औषध हातातल्या बॅगेत, चिठ्ठी बरोबर. चेक-इनच्या सामानात नको.

वेळ पाळा. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. इथे रात्री नऊला घेत होता तर तिथे साडेदहाला. शेवटचं "ट्रिगर" इंजेक्शन तर मिनिटावर असतं, कारण त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांत बीजं काढतात. मोबाईलने आपोआप वेळ बदलली तरी मनातलं घड्याळ जळगावचंच असतं, म्हणून मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

पाळी काही तिकिटावर येत नाही. परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या. शक्य असेल तर पहिली सोनोग्राफी आणि सुरुवातीची इंजेक्शनं इथे, आणि शेवटचे दिवस तिकडे, असं दोन्ही डॉक्टरांना बोलायला लावा.

आणि घरचे. माझ्या पहिल्या ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण पिशवीत ठेवण्याच्या, आठवड्यात श्रावण होता, आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा. "कानबाईच्या रोटांना सून नाही? लोक काय म्हणतील?" काय उत्तर द्यायचं ते आधीच ठरवा. आम्ही "कंपनीचं काम" सांगितलं. सासूबाईंना खरं माहीत होतं, त्यांनी भाऊबंदांसमोर ते उचलून धरलं. माझ्या वाट्याचं रोट त्यांनीच खाल्लं म्हणे.

8. तिकडे पोचल्यावर

दुभाषा क्लिनिकचाच असतो. नम्र असतो, पण तो क्लिनिकचा पगार घेतो हे लक्षात ठेवा. महत्त्वाचं बोलणं मेलवर लिहून मागा: किती बीजं निघाली, किती पक्व, किती भ्रूण, कुठल्या दिवसाचे, किती गोठवले. एका वेळी किती ठेवणार, हे आधी ठरवा. "दोन ठेवू, जुळी झाली तर एकदाच सुटलो" असं मीही म्हटलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे जुळ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे धोके सांगितले. एकच ठेवला.

बीजं काढल्यावर पोट फुगणं, मळमळ थोडी होतेच. पण पोट झपाट्याने वाढलं, वजन रोज चढत गेलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर तो बीजकोश अति फुगल्याचा प्रकार असतो. लगेच दवाखाना. अशा अवस्थेत विमानात बसायचं नाही. म्हणून बीजं काढल्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट कधीच काढू नका, एजंट काढून देतात. पाणी, मीठ-साखर, साधं जेवण. मी जाताना कळण्याचं पीठ आणि ठेचा नेला होता. ठेचा मात्र डॉक्टरीणबाईंनी वास घेऊनच बाजूला ठेवायला सांगितला.

ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगाला खिळून राहायची गरज नसते. साधं चालणं-फिरणं चालतं. रक्ताची तपासणी साधारण दोन आठवड्यांनी. त्याआधी घरी पट्टी लावून बघू नका. मी लावली, रडले, आणि दुसऱ्या दिवशी रक्तातही तेच आलं. म्हणजे रडणं एक दिवस आधी झालं, एवढंच.

पहिली वेळ गेली. जानेवारी 2025 मध्ये दुसरा गोठवलेला भ्रूण ठेवला, तो राहिला.

9. परत आल्यावर

निघायच्या आधीच इथल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून ठेवा. काही डॉक्टर "जिथे केलं तिथे जा" म्हणतात, ते आधीच कळलेलं बरं. प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनची) औषधं दहा-बारा आठवड्यांपर्यंत चालू असतात, मधेच थांबवायची नाहीत. तेच औषध इथे दुसऱ्या नावाने मिळतं, म्हणून मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी हवी. सहा-सात आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका, गर्भ पिशवीतच आहे ना ते तेव्हा कळतं. एका बाजूला तीव्र दुखलं किंवा चक्कर आली तर वाट बघायची नाही. आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना आयव्हीएफ झाल्याचं लपवू नका. पुढे रिपोर्ट वाचताना त्यांना ते लागतं.

आमची मुलगी आता सात महिन्यांची आहे, जळगावलाच जन्मली. आमचा एक भ्रूण अजून बँकॉकला टाकीत आहे. तो इकडे आणता येत नाही, हे तुम्हाला आता माहीत आहे. नवऱ्याचा करार या डिसेंबरात संपतोय. परवा साठवणीचं बिल आलं, तारखेत साल 2569. भरायची मुदत महिनाअखेर. भरायचं, की तिकीट काढायचं, हे आमचं अजून ठरलेलं नाही.